कॅसेटमधला झोप्या

कुमारच्या गेममधला धनगर झोपतो, हेच लोकांना सगळ्यांत जास्त आवडलं. आता काय म्हणावं ह्याला! दोन वर्षं हा माणूस रविवार रविवार खपला, मेंढराच्या पायाचा एकेक ठिपका हातानं बसवला, लांडग्याला शेपूट हलवायला शिकवलं, आणि लोकांनी कौतुक केलं ते कशाचं, तर धनगर झोपतो त्याचं.

गेम म्हणजे मोबाइलवरचा नव्हे. आठवत असेल तुम्हाला, पंचवीस-तीस वर्षांमागं टीव्हीला जोडायचं एक डबडं घरोघर आलं होतं. वरच्या खाचेत कॅसेट ठोकायची, चालली नाही तर काढून तिच्या बुडात फुंकर मारायची आणि पुन्हा ठोकायची. ती डबडी कधीच अडगळीत गेली. पण जगात काही येडे लोक असे आहेत, की त्या मेलेल्या डबड्यासाठी आजही नवे गेम बनवतात, नव्या कॅसेटी तयार करतात आणि एकमेकांना टपालानं पाठवतात. त्यांतला एक येडा उमरग्यात राहतो आणि रोज एसटीनं लोहाऱ्याला जाऊन तहसील कचेरीत कॉम्प्युटरवर बसतो. तोच आपला कुमार. वय सदतीस, बायको दीपाली शाळेवर शिक्षिका, मुलगी ज्ञानेश्वरी दुसरीत. बाप बब्रुवान जन्मभर मेंढरांमागं चाललेला धनगर, आता गुडघ्यांनी घरात बसवलेला.

गेमचं नाव 'मेंढरं'. हायवेच्या कडेनं कळप चारत न्यायचा, लांडगा आला तर हाकलायचा, एकही मेंढरू डांबरीवर जाऊ द्यायचं नाही. एवढाच खेळ. त्यात आठ सेकंद कुणी बटण दाबलं नाही, तर धनगर लिंबाखाली बसतो, घोंगडं डोक्यावरून ओढतो आणि घोरायला लागतो. मग मेंढरं रस्त्याकडं सुटतात, ट्रक येतो, डाव खलास. ही झोप कुमारनं एका दुपारी सहज बसवली होती. सहज म्हणजे, हात आपोआप चालले आणि झोप तयार झाली. गेम तपासून बघणारी चार-पाच मंडळी परदेशातली होती. त्यांतल्या पोलंडच्या एकानं कळवलं, की तुझा झोपाळू धनगर बघून माझी बायको हसून हसून लोळली, त्यालाच कव्हरवर घे. कुमारनं घेतला.

कव्हरचं चित्र छापून आलं तेव्हा बब्रुवाननं ते हातात धरलं, चष्मा वरखाली केला आणि खो खो हसत सुटला.

"आरं, ह्यो तर आपला झोप्या हरिबा! घोंगडं बी तसंच काढलास की, आयला!" हसता हसता म्हाताऱ्याला खोकला आला. कुमारनं गेम चालू करून दाखवला, तर म्हणाला, "पर ह्यो मुका का? हाळी दिल्याबगर मेंढरं वळत्यात व्हय? आवाज घाल ह्याला. आन् घालायचा तर त्या झोप्याचाच घाल. माणूस बेभरवशाचा, पर गळा काय हुता! तीन शिवारं ऐकू जायचं."

"बघू आबा," म्हणून कुमारनं टीव्ही बंद केला. हरिबा कधीच झोपला नव्हता, हे कुमारला माहीत होतं. त्याला झोपवलं होतं कुमारनंच, एकदा बारा वर्षांचा असताना आणि आता सदतिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा.

ती गोष्ट सन दोन हजारच्या मे महिन्यातली. हरिबा बब्रुवानचा चुलतभाऊ. दोघांची मेंढरं एकाच कळपात. बब्रुवानची पुष्कळ, हरिबाची आपली नऊ. मागं चालायचा तो हरिबा. सुट्टी म्हणून कुमार बरोबर होता. दुपारी कळप उमरग्याच्या अलीकडं हायवेच्या कडेला चरत होता आणि एक मेंढी ओढ्यापलीकडं व्यायला बसली होती.

"कुमार, रस्त्याच्या अंगाला हुबा ऱ्हा," हरिबा म्हणाला. "हलू नगं. म्या पिल्लू घिऊन आलूच."

तिथून हाकेच्या अंतरावर टायरच्या दुकानामागं एका खोलीत टीव्ही गेम तासावर खेळायला मिळायचा. कुमारच्या चड्डीच्या खिशात दोन रुपये होते. एकच डाव, म्हणून तो पळाला. तो खेळत असताना बाहेर ट्रकचे ब्रेक किंचाळले, माणसं ओरडली. त्या वेळी त्याचा गेममधला शेवटचा जीव शिल्लक होता. आणि खरं सांगायचं तर, तो जीव संपेपर्यंत पोरानं हातातला गेमचा रिमोट खाली ठेवला नाही. एवढी गोष्ट त्यानं पुढं दीपालीलासुद्धा कधी सांगितली नाही.

चौदा मेंढरं गेली. बापानं काठी उगारून विचारलं, तेव्हा पोराच्या तोंडातून निघालं, "काका झोपले हुते. म्या पानी आणाया गेलतो."

आमच्याकडं असल्या भांडणाला कोर्ट लागत नाही. खंडोबाच्या देवळापुढं पाच जुनी माणसं बसतात, मधे ताटात बेल आणि भंडारा ठेवतात, म्हणजे देवाची हळद. ज्याला आपलं खरं म्हणायचं असेल त्यानं ती उचलायची. खोटी उचलली तर देव वंश बुडवतो, अशी धास्ती. म्हणून खोटी कुणी उचलत नाही, आणि जो उचलत नाही तो खोटा ठरतो. त्या दिवशी हरिबानं सांगितलं, की म्या ओढ्यापलीकडं हुतो, झोपलो न्हवतो. पंचांनी आधी पोराला पुढं बोलावलं. कुमारनं बापाच्या काठीकडं बघितलं आणि मूठभर भंडारा उचलला. मग हरिबाची पाळी आली. हरिबानं ताटाकडं बघितलं, पोराच्या पिवळ्या हाताकडं बघितलं आणि पुढं केलेला हात मागं घेतला.

झालं, मिटलं. नुकसानीपोटी हरिबानं आपली नऊच्या नऊ मेंढरं बब्रुवानच्या कळपात सोडली, बायको नागूला घेतलं आणि गाव सोडलं. तेव्हापासून त्याचं नाव झोप्या. झोप्याच्या स्वाधीन आपली मेंढरं कोण करणार? पुन्हा म्हणून त्याच्या पुढं कळप आला नाही. इकडं त्या नऊ मेंढरांची पिल्लं वाढली, पिल्लांची पिल्लं झाली, त्यांच्यावर कुमारचं कॉलेज झालं आणि घरात पहिला कॉम्प्युटर आला. ज्ञानेश्वरीला साधा ताप भरला तरी कुमारची नजर आधी देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याच्या वाटीकडं जायची, मग डॉक्टरच्या नंबराकडं.

बाप हसला त्या संध्याकाळी कुमारनं गेममधून झोप काढून टाकली. काम फार नव्हतं. पण तीन दिवसांत पोलंडपासून ब्राझीलपर्यंत बोंब उठली, झोप कुठं गेली, झोप परत आण, तिच्याशिवाय गेममध्ये जीव नाही. आणि ह्या शहाण्यानं ती गपगुमान परत घातली! कशापायी? तर कौतुक गोड लागतं म्हणून. चार अनोळखी माणसांनी पाठ थोपटली की भल्याभल्यांचं हे असं होतं, आणि कुमार तर तेवढा भलाही नव्हता.

पण मनाला टोचणी लागली ती लागलीच. आवाजाचं निमित्त करून हरिबाला भेटायचं, त्याच्यापुढं सगळं कबूल करायचं आणि मगच गेम बाहेर काढायचा, असं त्यानं ठरवलं. हरिबा येरमाळ्याला हायवेवर सोमलिंगच्या चहाच्या हॉटेलात असतो, हे कळलेलं होतं. उमरग्याहून धाराशिव आणि धाराशिवहून येरमाळा, दोन्ही एसट्यांत कुमार मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होता: काका, मी खोटं बोललो.

हरिबा कपबश्या धूत होता. साठीला आलेला, दाढीचे खुंट पांढरे, पण पाठ ताठ. कुमारला बघितलं आणि ओला हात तसाच पुढं करून म्हणाला, "आरं कुमार! केवढा झालास! दादा बरं हाईत न्हवं? गुडघं दुखत्यात म्हणं. बस, बस. आदुगर च्या घे."

वाक्य चहाबरोबर खाली गेलं. त्यात हॉटेलमालक सोमलिंग कौतुक करायला पुढं आला. "तुमचे काका म्हणजे सोनं आहे बघा. माझ्या आवारात रात्री वीस-वीस ट्रक उभे असतात. चोवीस वर्षं झाली, हेच राखण करतात. एका ताडपत्रीची दोरी कधी सुटली नाही. असा जागा माणूस मी बघितला नाही."

कुमारला ठसका लागला. हरिबानं त्याच्या पाठीवर थोपटलं.

"हाळी पायजे व्हय? गेममधी? माजी?" हरिबाला आधी हसूच आलं. मग तो हॉटेलामागं गेला, रिकाम्या रानाकडं तोंड करून उभा राहिला, एक हात कानाशी नेला. पहिली हाळी अर्ध्यातच फाटली. त्यानं घसा खाकरला, डोळे मिटले. दुसरी निघाली ती अशी, की सोमलिंगच्या कोंबड्या दाणदाण पळाल्या आणि हायवेवरून चाललेल्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. "हुर्रर्र्यो! हेऽऽ हुर्रर्र्यो!" कुमारनं मोबाइल पुढं धरला होता.

"लई दिसांनी," हरिबा म्हणाला आणि टॉवेलानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "मला दावशील का? माज्या हाळीवर मेंढरं वळत्याली, ते बघायचं हाय."

आता तरी बोल, कुमार! समोर माणूस उभा आहे, रान मोकळं आहे, ऐकायला तिसरं कुणी नाही. पण हा काय म्हणाला, तर "पुढच्या रविवारी या काका, घरीच या. मी गाडीत बसवून द्यायला सांगतो सोमलिंगला." आणि एसटी पकडून परत आला.

त्या जुन्या मशीनमध्ये आवाजाला जागा एवढीशी. हरिबाच्या हाळीतला जेमतेम एक सेकंद बसला, तोही खरखरीत. पण मशीनमधून ती पहिल्यांदा निघाली तेव्हा आतल्या खोलीतून बब्रुवान ओरडला, "कोण आलंय रं, हरिबा?" पंचवीस वर्षांत त्याच्या तोंडून झोप्या न निघता हरिबा निघालं, ते त्या एकाच वेळी, आणि तेही चुकून.

पुढच्या आठवड्यात शंभर कॅसेटी तयार झाल्या. एकेका कॅसेटीत दोन चिपा असतात, एक प्रोग्रामची आणि एक चित्रांची. कुमारनं सगळ्या स्वतःच्या हातानं कथील वितळवून डागल्या. दीपालीनं कव्हरं चिकटवली. शंभर कव्हरं, शंभर झोपलेले हरिबा. रविवारी घरात भंडारा उधळून कॅसेटींची पेटी उघडायची आणि सोमवारी पार्सलं टपालात टाकायची, असं ठरलं.

हरिबाचं काय करायचं, ह्याचाही त्यानं बंदोबस्त केला होता. कव्हरं दिसू नयेत म्हणून पेटी कापडाखाली झाकली. आणि रिमोट दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचाच नाही, आपणच खेळून दाखवायचं, बोट सारखं हलतं ठेवायचं, म्हणजे आठ सेकंद होणारच नाहीत आणि धनगर झोपणारच नाही. हरिबाला हाळी ऐकवायची, जेवू घालायचं, धोतरजोडी द्यायची आणि एसटीत बसवायचं. बघा, माणूस खरं बोलण्याची मेहनत टाळायला किती मेहनत करतो!

रविवारी सकाळी हरिबा आला तो परीटघडीचा सदरा घालून आणि नवा पटका बांधून. बब्रुवाननं बसल्या जागेवरून "ये रं झोप्या" म्हटलं. हरिबानं वाकून त्याच्या गुडघ्यांना हात लावला. कोंडीराम म्हाताराही आला होता. त्या दिवशीच्या पाच पंचांतला तोच एकटा जिवंत राहिलेला. दीपालीनं पोहे दिले. कुमारनं कॅसेट ठोकली.

टीव्हीवर हिरवं रान आलं, काळी डांबरी आली, पांढरी मेंढरं पांगली. कुमारनं बटण दाबलं आणि हाळी निघाली.

"ह्यो माजा आवाज?" हरिबा एकदम पुढं सरकला. मेंढरं वळली. हरिबा लेकरासारखा हसला आणि मांडीवर हात मारून म्हणाला, "वळली की! दादा, बघा, वळली! कुमार, ती शेवटची मागं ऱ्हायली बघ. तिला हाळी दे. हां, आली."

कुमार खेळत होता, बोट सारखं हलवत होता, कपाळावर घाम आला होता. एक डाव झाला, दुसरा झाला. तेवढ्यात बब्रुवान खेकसला, "आरं, तूच काय खेळत बसलास? त्येला बोलावलंस आन् त्येच्या हातात न्हाय व्हय देणार? दे की!"

"आबा, काकांना जमायचं नाही, बटणं बारीक असतात..."

"दे म्हणतो न्हवं!"

आणि म्हाताऱ्यानं रिमोट कुमारच्या हातातून ओढून हरिबाच्या हातात दिला.

हरिबानं तो अंडं धरावं तसा दोन्ही हातांत धरला. आणि बघत राहिला. आता बघा, मेंढरं नीट चरत असताना खरा धनगर काही करत नाही. काठीवर भार टाकतो आणि उभा राहतो. त्याचं सगळं काम डोळ्यानं चाललेलं असतं. टीव्हीतली मेंढरं नीट चरत होती, लांडगा लांब होता, एकही डांबरीकडं गेलं नव्हतं. मग हरिबानं बटण दाबावंच कशाला? तो डोळ्याची पापणी न हलवता कळपावर नजर ठेवून बसला. मशीनला फक्त हात कळत होता. कुमार मनातल्या मनात आकडे मोजत होता. पाच. सहा. काका, काहीतरी दाबा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सात. आठ.

टीव्हीतला धनगर लिंबाखाली बसला, त्यानं घोंगडं डोक्यावरून ओढलं आणि घोरायला लागला.

"झोपला रं झोप्या!" कोंडीराम टाळी वाजवून ओरडला. बब्रुवान तर हसून हसून गदागदा हलत होता. मेंढरं एकेक करून डांबरीवर गेली. ट्रक आला.

हरिबानं हातातल्या रिमोटकडं बघितलं, मग टीव्हीकडं. "ह्यो का झोपला?" त्यानं विचारलं. सगळे हसतच होते. मग तो कुमारकडं वळला आणि हळूच म्हणाला, "म्या झोपलो न्हवतो रं. म्या बघतच हुतो."

तो रिमोटबद्दल बोलत होता की पंचवीस वर्षांमागच्या दुपारीबद्दल, कोण जाणे. कुमारला मात्र ते ऐकून बसवलं नाही. तो उठला, देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन आला आणि बापापुढं मांडी घालून बसला.

"आबा, काका झोपले नव्हते. मी खोटा भंडारा उचलला."

हसणं थांबायला थोडा वेळ लागला. मग कुमारनं सगळं सांगितलं. दोन रुपये सांगितले, टायरच्या दुकानामागची खोली सांगितली, ट्रकचे ब्रेक ऐकू आले ते सांगितलं. आणि ऐकू आल्यावरही शेवटचा जीव संपेपर्यंत खेळत राहिलो, तेही सांगितलं. दीपालीनं तोंडावर हात ठेवला. तिनं स्वतःच्या हातानं शंभर कव्हरं चिकटवली होती.

बब्रुवानचा चेहरा पडला. आणि लाज कुठं टाकावी ते न कळून म्हातारा हरिबावरच भडकला. "मग तू का न्हाय उचललास? आं? खरा हुतास तर उचलायचा हुतास! म्या रोखलं हुतं तुला? तुजी मेंढरं घेतली म्या! पोर शिकवलं त्येच्यावर! का न्हाय उचललास?"

"दादा," हरिबा म्हणाला, "पोरानं आदुगर उचलला हुता की. म्या बी उचलला असता, तर दोघांतला एक खोटा पडला असता. म्या खरा हुतो. मग द्येवानं कुणाला धरलं असतं? तुमचं एकुलतं एक पोर हुतं. बारा वरसाचं." त्यानं रिमोट जमिनीवर नीट ठेवला. "म्हणलं, जाऊ द्या. झोपलो तर झोपलो."

कोंडीराम भिंतीकडं तोंड करून बसला. बब्रुवाननं पटका काढून मांडीवर ठेवला आणि हुंदका दिला. कुमार हरिबाच्या पायावर पडायला गेला, तर हरिबानं पाय आखडून घेतले.

"पाया पडू नगं. मला राग न्हाय असं समजू नगं. राग लई हुता. नागू मेली तवा तर लई आला. तिला बी लोक झोप्याची बायकू म्हणायची. मरंस्तवर म्हणायची." त्यानं टीव्हीकडं बघितलं. टीव्हीवर धनगर अजून घोरत होता. "मेंढरं नगं, धोतर बी नगं. येवढं कर. ह्या डबड्यातला तेवढा जागा कर."

सोमवारी पार्सलं गेली नाहीत. सगळ्यांना कळवलं, की गेममध्ये एक मोठी चूक राहिली आहे, थांबा. मग कुमारनं एकेक कॅसेट उघडली, डागलेल्या चिपा तापवून उपसल्या, पुन्हा लिहिल्या, पुन्हा डागल्या. शंभर कॅसेटी, दोनशे चिपा. बोटांना फोड आले. दीपालीनं कव्हरं खरवडून काढली, पण ते पंधरा दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दरम्यान बब्रुवाननं कोंडीरामला बरोबर घेऊन लेकाला खंडोबाच्या देवळापुढं उभं केलं. भावकीतली झाडून सगळी माणसं बोलावली होती. कुमारनं सगळं पुन्हा सांगितलं. एक म्हातारी त्याच्या अंगावर थुंकली. बब्रुवाननं तिला अडवलं नाही.

पोलंडच्या माणसानं विचारलं, की चूक कुठली? मला तर एकही दिसली नाही. कुमारनं उत्तर लिहिलं: धनगर झोपला नव्हता, मी खोटं दाखवलं होतं. नऊजणांनी मागणी मागं घेतली.

नवी कॅसेट घेऊन कुमार येरमाळ्याला गेला. बब्रुवानलाही यायचं होतं, पण गुडघ्यांनी दारातच नाही म्हटलं. त्यानं नुसतं "हरिबाला सांग, म्या इचारलं म्हणून" एवढं बजावलं. सोमलिंगच्या हॉटेलातल्या टीव्हीला कुमारनं डबडं जोडलं, कॅसेट ठोकली, रिमोट हरिबापुढं धरला. हरिबानं तो घेतला, गल्ल्याशेजारी ठेवून दिला आणि कपबश्या धुवायला गेला.

आठ सेकंद झाले. टीव्हीतल्या धनगरानं काठीवर भार टाकला, एक पाय दुसऱ्या पायावर टेकवला आणि तो उभा राहिला. मधूनमधून पापणी तेवढी हलत होती. मेंढरं रानात चरत राहिली.

हॉटेलात गिऱ्हाइकं येत होती, जात होती. रिमोटला कुणी हात लावला नाही. कुमारची एक एसटी गेली, दुसरी गेली. हरिबा येता-जाता टीव्हीकडं बघायचा आणि कामाला लागायचा. दुपारी उमरग्याकडचा एक ट्रकवाला बराच वेळ त्या टीव्हीकडं बघत चहा पीत होता.

"मामा," त्यानं हाक मारली, "हा गडी हलत कसा नाही? झोपला का काय?"

"न्हाय," हरिबा म्हणाला. "बघतोय त्यो."

आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं कुमारकडं बघितलं. कुमारला मान वर करवली नाही.